उतरलेला फेटा

आमच्या कन्नड्याला चोरही आवडला असता. भंगारवाला, पोस्टमन, विजेचं मीटर बघायला येणारा, पत्ता चुकून दारात उभा राहिलेला, सगळ्यांच्या पायांत तो सारख्याच आनंदानं घुटमळे. त्याचा राग भलत्याच गोष्टींवर होता. छत्री उघडली की तो पलंगाखाली. मोसंबीची साल नाकाशी नेली की अपमान झाल्यासारखा तोंड फिरवून दुसऱ्या खोलीत जाऊन बसे. म्हणून आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोन साली टाकून ठेवी आणि कुलपाचं काम भागवी. कडक कलफाच्या कपड्यांची सळसळ त्याला सोसत नसे. भाजीवाली डोक्यावर टोपली घेऊन अंगणात आली की तो घर डोक्यावर घेई, आणि तिनं टोपली खाली ठेवली की तोच तिचा हात चाटायला हजर. पण या सगळ्यांच्या वर होता फेटा. फेटा बांधलेला माणूस दिसला की त्याच्या मानेवरचे केस उभे राहत, आणि एरवी शेपूट हलवण्यापलीकडे ज्याला काही काम नव्हतं तो प्राणी अंगणाच्या मधोमध उभा राहून असा भुंकायचा की माणूस आल्या पावली परते.

आता मी राहते त्या इमारतीत समोरच्यांकडे एक मोठं गोरंगोमटं कुत्रं आहे. फरशी पुसणारं एक गोल यंत्र घरभर आपोआप फिरतं, ते त्याला सहन होत नाही. घरच्यांनी त्याला दोन डॉक्टरांना दाखवलं, मोबाइलवर कुणा तज्ज्ञाचा सल्ला घेतला, आणि परवा मलाही विचारलं की तुमच्याकडे पूर्वी कुत्रं होतं ना, मग तुम्ही काय केलं होतं. काय केलं होतं ते सांगायला बसले असते तर त्यांचा चहा गार झाला असता. म्हणून इथं लिहिते.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका ओळीत तीन खोल्या आणि पुढं अंगण, असं आमचं भाड्याचं घर होतं. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. गल्ली तीच होती. एका बाजूची भिंत हबीबचाचांच्या घराशी सामाईक. चाचा हिमरूचं नक्षीदार कापड विणत, आणि त्यांच्या मागाचा खटका सकाळपासून आमच्या घरात असा ऐकू येई की आमची भाकरीसुद्धा त्याच ठेक्यावर थापली जाई. शुक्रवारी माग बंद असे, आणि त्या दिवशी आईच्या भाकऱ्या हटकून वाकड्या व्हायच्या. घरात आम्ही चौघं: अण्णा म्हणजे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून, आई, माझी थोरली बहीण शालूताई, आणि मी, नववीतली मंदा. अण्णा कमी बोलत. पण ते जे बोलत ते होई, आणि ही गोष्ट भीतीदायक होती. एकदा ते म्हणाले होते, परीक्षेच्या आठवड्यात रेडिओ वाजला तर रेडिओ घरात राहणार नाही. रेडिओ वाजला. दुसऱ्या दिवशी तो कचेरीतल्या शिपायाच्या घरी गेला, आणि कोनाड्यातली त्याची रिकामी जागा पुढं कित्येक वर्षं कुणी भरली नाही.

कन्नड्या आला तो कन्नड गावाहून, म्हणून कन्नड्या. तिथं तात्याकाकांचा सत्कार होता. तात्याकाका म्हणजे अण्णांचे धाकटे चुलतभाऊ. शेती बरी होती, आवाज त्याहून बरा होता, आणि चार-सहा समित्यांवर असल्यामुळे त्यांचा वर्षातून एकदा कशाबद्दल तरी सत्कार होई. कशाबद्दल ते सत्कार करणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसे. त्या दिवशी व्यासपीठावर अकरा फेटे होते, आणि व्यासपीठाखाली सतरंजीच्या घडीत हे पिल्लू, पुढच्या पायाला मार लागलेलं. भाषणं संपेपर्यंत अण्णा त्याच्याशेजारी बसून राहिले आणि परतीच्या एसटीत त्याला पिशवीत घालून घेऊन आले. फेट्यावरचा राग तिथंच रुजला असावा, असा माझा तर्क आहे. पण कुत्र्याच्या बालपणाबद्दल मी फार ठामपणे बोलू नये; स्वतःच्याच बालपणाबद्दल किती खरं सांगते आहे, तेही मला सांगता येणार नाही.

हा राग आम्ही हसण्यावारी नेत होतो, शालूताईला बघायला पहिली मंडळी येईपर्यंत. त्या मंडळींतल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्याला फेटा होता. कन्नड्या त्यांना फाटकातून आतच येऊ देईना. त्यांनी दोन वेळा पाऊल टाकलं, दोन्ही वेळा मागं घेतलं, मग शुभ कामाला आल्यावर दारातच कुत्रं आडवं आलं असं काहीतरी पुटपुटले आणि टांगा वळवायला सांगितला. शालूताई आतल्या खोलीत साडी नेसून बसली होती. ती बाहेर आली, रिकाम्या फाटकाकडे बघितलं, आणि कन्नड्याला म्हणाली, "मला विचारायचं तरी." पण रात्री तिची उशी ओली होती, आणि हे मला ठाऊक आहे कारण आम्ही दोघी एकाच गादीवर झोपत होतो.

दुसरं स्थळ गंगापूरकडचं, तात्याकाकांनी आणलेलं. मुलगा पाटबंधाऱ्यावर ओव्हरसिअर. सोबत त्याचे आईवडील आणि आजोबा येणार होते, आणि आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, उभ्या जन्मात फेट्याशिवाय कुणाला दिसले नव्हते. तात्याकाकांनी निकाल दिला की कुत्रं आधी हलवा. गंगापूरच्या साखर कारखान्यात त्यांच्या ओळखीचा पहारेकरी होता, त्याला फाटकाशी साखळीला बांधायला कुत्रं हवंच होतं. "मी घरचा माणूस म्हणून सांगतोय," असं म्हणून ते थांबले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. न विचारता सल्ला देताना, न सांगता जेवायला येताना आणि आमच्या घरातल्या गोष्टी कन्नडभर सांगताना ते घरचे असत.

साखळी म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. कन्नड्याला एकदा बांधून पाहिलं होतं. साखळीचा आवाज ऐकला की तो थिजून जाई. दोन दिवस त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं, नुसता थरथरत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "पंधरा दिवस आहेत. शिकवू त्याला." अण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "शिकवा. पण पाहुण्यांवर एकदा जरी भुंकलं, तर दुसऱ्या दिवशी गंगापूर." मी कोनाड्यातल्या रेडिओच्या जागेकडे बघितलं.

शिकवण्याची युक्ती हबीबचाचांची. त्यांनी कन्नड्याचं बराच वेळ निरीक्षण केलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की याचं वैर माणसाशी नाही. "इसकू आदमी से कुछ नइं बेटा, सर बड़ा होना पसंद नइं," ते मला म्हणाले. "मेरे कू भी नइं पसंद, मैं भौंकता नइं इत्ताच." उपाय एकच: घरात रोज फेटा दिसला पाहिजे, आणि फेट्याच्याच हातानं त्याला खायला मिळालं पाहिजे. चाचा लग्नघरी साफे बांधून देत, त्यामुळे कापड त्यांचं, हातही त्यांचा. लांब कापड ताणायला मागाची खोली सोयीची, म्हणून अण्णा तिकडे जात बोडक्यानं आणि परत येत राजासारखे. एकदा बांधलेला फेटा मोडायचा नसतो, तो तसाच खुंटीला ठेवतात. त्यामुळे पुढं रोज बांधायचीही गरज उरली नाही. कचेरीतून आले की अण्णा आतल्या खोलीत जात, दार लावून आरशासमोर फेटा चढवत, आणि झोपायच्या आधी पुन्हा दार लावून उतरवून ठेवत. दार लावत ते लाजेनं. ज्या माणसानं आयुष्यभर तात्याकाकांच्या फेट्यांची गालातल्या गालात चेष्टा केली, त्याला स्वतःला फेटा चढवताउतरवताना कुणी बघावं असं वाटत नव्हतं.

पहिले तीन दिवस भयंकर गेले. कन्नड्या अण्णांवर भुंके, आणि अण्णा फेट्यातून शांतपणे भाकरीचा तुकडा पुढं करत. चौथ्या दिवशी तुकडा गेला. आठव्या दिवशी तो त्यांच्या पायाशी झोपला. शालूताई फेटा घालून तांदूळ निवडी, मी फेटा घालून भूगोल पाठ करी, पोस्टमननं एकदा आम्हा तिघांना एकाच वेळी पाहिलं आणि पत्र देताना आवाज उगाच खाली आणला. आईनं मात्र ठाम नकार दिला. डोक्यावरून पदर आहे तेवढा पुरे, ती म्हणाली. आम्ही दोघी बहिणीही अण्णांचं बघून आतच फेटा घालत आणि आतच काढत होतो. कुणी तसं ठरवलं नव्हतं. भाजीवालीची टोपली उतरली की तो शांत होई हे सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे भीती असलीच तर चढण्याची, उतरण्यात कसला धोका, असं धरून आम्ही चाललो होतो. अण्णा, दर संध्याकाळी, त्या फेट्यात थोडे ताठ बसू लागले होते, हेही मी पाहिलं. 

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी, सणाच्या सुट्टीच्या दुपारी, अण्णा ओसरीवर बाजेवर आडवे झाले होते, तोंडावर वर्तमानपत्र, डोक्याला फेटा. कन्नड्या बाजेखाली. मी खांबाला टेकून वाचत होते. अण्णा कुशीवर वळले आणि फेटा निसटून सगळ्या घड्यांसकट जमिनीवर पडला. कन्नड्या बाहेर आला. त्यानं आधी फेट्याकडे बघितलं, मग अण्णांच्या उघड्या डोक्याकडे. ते डोकं तो रोज सकाळी बघत होता. पण असं अर्धं होताना त्यानं ते कधी बघितलं नव्हतं. तो एकेक पाऊल मागं सरकत भिंतीला टेकला आणि असा भुंकला की भिंतीपलीकडे चाचांच्या घरातलं बोलणं थांबलं. अण्णा दचकून उठले, काय झालं म्हणाले. मी तोवर फेटा उचलून पाठीमागं धरला होता. मी म्हणाले, "मांजर होतं."

खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीच तो गंगापूरला गेला असता, असं मला वाटलं. दोन दिवसांत नवं काही शिकवणं शक्य नव्हतं. शिवाय पाहुणा आपल्या घरी येऊन फेटा कशाला काढेल, असा माझा हिशेब होता. त्या दोन दिवसांत मी जेवले किती आणि झोपले किती ते आठवत नाही. शाळेत बाईंनी दोनदा नाव घेतलं तेव्हा मी दोन्ही वेळा उभी राहिले आणि दोन्ही वेळा तशीच बसले.

रविवारी सकाळी येसराच्या आमटीच्या वासानं गल्ली भरली होती. तात्याकाका आधीच आले होते, गुलाबी फेट्यात, तुरा पंख्यासारखा उभा. अण्णाही फेट्यात, कन्नड्याला ओळखीचं काही दिसावं म्हणून. मग फाटक वाजलं. आबा पुढं, पांढरा फेटा, हातात काठी, मागं नवऱ्या मुलाचे आईवडील, आणि सगळ्यांच्या मागं तो मुलगा, स्वतःच्याच चपलांकडे बघत. कन्नड्या उठला. त्यानं तीन फेटे बघितले, एकामागून एक, जणू मोजले. मानेवरचे केस किंचित हलले. मग त्यानं आबांच्या धोतराचा वास घेतला, परत येऊन अण्णांच्या पायांवर हनुवटी टेकली. आईनं दाराआडून पदराला हात पुसले, अर्धा तास झाला ते कोरडेच होते. आबांनी वाकून त्याचा कान खाजवला. "लई गुणाचं हाय कुत्रं," ते म्हणाले. 

शालूताई मोसंबीचं सरबत घेऊन आली, कन्नड्यानं तोंड फिरवलं, तेवढंच. प्रश्न विचारले गेले, तिनं उत्तरं दिली. मुलानं एकदा मान वर करून बघितलं आणि पेला सांडता सांडता राहिला. सगळं पार पडलं असं वाटत असतानाच तात्याकाका उठून उभे राहिले, घसा साफ केला, आणि आईला खूण केली. आई ताट घेऊन आली. ताटात शाल होती, नारळ होता, आणि घडी केलेलं नवं कोरं गुलाबी रेशमी कापड होतं. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला फेटा बांधतात, आणि बांधायचा तर घरच्या माणसाच्या हातानं. तात्याकाकांना फेटा बांधण्याचा अभिमान होता. त्यांनी हे आईला त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं. मला कुणी सांगायचं कारणच नव्हतं.

भाषण सुरू झालं. दोन घराणी, गोदेचं पाणी, कन्नडचा घाट, सगळं त्यात होतं. तात्याकाकांची भाषणं लांब असत आणि आयुष्यात त्या एकाच वेळी ते संपू नये असं मला वाटलं. कन्नड्याचा एक कान आबांकडे होता. आबांच्या बाजेपासून तो दोन हातांवर होता. मी अण्णांच्या मागं उभी होते. त्यांच्या कानात सांगायचं तर वाकावं लागणार, वाकलं तर सगळे बघणार, आणि सांगायचं काय, तर मी दोन दिवसांपूर्वी खोटं बोलले. शालूताई खाली बघून बसली होती, तिची बोटं पदराच्या टोकाला गुंडाळलेली. तात्याकाका म्हणाले, "तर आबासाहेब, आता जरा फेटा उतरवा." आबांचा हात वर गेला, फेट्याला लागला, आणि तिथंच थांबला.

"काढू नका," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शेजारी मागाचा खटका तेवढा चालू होता. आबांनी हात तसाच ठेवून विचारलं, "का गं लेकरा?"

मी सांगितलं. पंधरा दिवसांचं सगळं सांगितलं, बाजेवरून पडलेला फेटा सांगितला, मांजर नव्हतं तेही सांगितलं. भुंकलं तर त्याला साखळीला बांधायला गंगापूरला पाठवणार, हेही सांगितलं. अण्णांकडे मी बघितलं नाही. त्यांच्या मानेच्या मागची एक शीर तेवढी दिसत होती. मुलाच्या आईनं पदर तोंडाशी नेला, हसायला की काय ते कळेना.

तात्याकाका आधी लाल झाले, मग त्यांना शब्द सापडले. "म्हणजे आता कुत्र्याच्या मर्जीनं पाहुण्याचा मान करायचा का?"

आबांनी हात खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पोरगी म्हणती ते बरंय. मला बी चारचौघांत उतरवायचा नसतोय. आवाळू हाय डोक्याला, लिंबाएवढं. घरात बी कुणी पाह्यलं नाय. मगाचपासून इचार करत हुतो, आता नाय कसं म्हनावं." मुलाच्या वडिलांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं, मुलाची आईही बघत राहिली. आबांनी नवं कापड ताटातून उचललं, मांडीवर ठेवलं, त्यावर तळहात ठेवला. "पोचला मान," ते म्हणाले.

इथं थांबलं असतं तर मी आयुष्यभर देवाला मानलं असतं. पण तात्याकाका उभेच होते, बांधायला हात तयार आणि समोर डोकं नाही. "फेटा उतरवला म्हणून कुत्रं भुंकतं," ते म्हणाले, "असलं काही नसतं. पोरींचे खेळ आहेत. हा बघा." आणि त्यांनी स्वतःचा गुलाबी फेटा दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला.

कन्नड्या भुंकला. एकदा नाही. पाठ भिंतीला लावून, चारही पाय रोवून, तो पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं भुंकला. तात्याकाका एक पाऊल मागं गेले, मग दोन, मग चपलांसकट रिकाम्या बाजेवर चढले. सरबताचे दोन पेले लवंडले. मी धावून कन्नड्याच्या गळ्यात हात घातले आणि त्याचं काळीज माझ्या दंडावर धडधडताना मला कळलं, की हा चिडलेला नाही, घाबरलेला आहे. त्या दिवसापर्यंत मी तो राग समजत होते. शेवटी आबांनीच काठीच्या टोकानं तो फेटा स्टुलावरून पलीकडे ढकलला, तेव्हा भुंकणं थांबलं. आबांचे खांदे हलत होते, पण चेहरा गंभीर होता.

तात्याकाका बाजेवरूनच म्हणाले, "अण्णा, तुझ्या शब्दाचं काय? एकदा जरी भुंकलं तर गंगापूर, असं म्हणाला होतास."

अण्णांनी सांडलेल्या सरबताकडे बघितलं, कन्नड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रेडिओ शिपायाच्या घरी नेला त्या दिवशी त्यांचा चेहरा असाच होता. मी हात घट्ट केले.

"पाहुण्यांवर भुंकलं तर, असं म्हणालो होतो," अण्णा म्हणाले. "तू तर घरचाच."

 बाजेवरून खाली उतरायला तात्याकाकांना मुलानं हात दिला. त्या दिवशी त्यानं केलेली ही पहिली गोष्ट, आणि शालूताईनं ती पाहिली. लग्न ठरलं. कुत्र्यामुळे ठरलं असं मी म्हणणार नाही, कारण ओव्हरसिअरला आमच्या घरानं एरवीही होकार दिलाच असता. एवढं खरं की पुढं आबा शालूताईला हक्कानं डोक्याला तेल लावायला सांगत, दार लावून, आणि त्या घरात तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

खोटं बोलल्याबद्दल अण्णा मला रागावले नाहीत. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आम्ही उरलेली आमटी जेवत होतो, तेव्हा त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "मंदे, ते मांजर कुठल्या रंगाचं होतं?" मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग ते हात धुऊन ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. फेटा अजून डोक्यावरच होता. त्यांनी कन्नड्याला हाक मारली. तो आला, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसला. उन्हं कलली होती, चाचांचा माग थांबला होता. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मी दाराआड होते. मग त्यांनी फेट्याचं पाठीवर सोडलेलं टोक, शेमला, धरला आणि फेट्याचा एक वेढा सोडला. कन्नड्या गुरगुरला. अण्णा थांबले. बऱ्याच वेळानं दुसरा वेढा सोडला. असं करत करत ते सगळं लांबलचक कापड त्यांच्या मांडीवर, पायरीवर, अंगणात साठत गेलं, आणि शेवटी खाली टक्कल उरलं, घामानं ओलं, मध्ये फेट्याचा वळ पडलेलं. कन्नड्याच्या मानेवरचे केस ताठ होते. अण्णांनी दोन्ही हात त्याला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले.

"मीच आहे रे," ते म्हणाले. आमच्यापैकी कुणाशीही ते त्या आवाजात कधी बोलले नव्हते. "मीच आहे."